बर्फात साठलेला पावसाळा

राजगुरुनगरहून चासकमान धरणाच्या कडेकडेने पश्चिमेला निघालं की वाडा गावाच्या पुढे जमिनीचा नूर बदलतो. पूर्वेकडचे कांदा-बाजरीचे माळ मागे पडतात आणि भोरगिरीच्या वाटेवर उताराला भाताची खाचरं लागतात. जुलैत लावणी उरकली की या खाचरांत घोटाभर पाणी उभं असतं. लहानपणी आम्ही बांधावरून त्यात काठी खुपसायचो. चिखल हलला की चार-सहा बुडबुडे वर यायचे आणि एकेक करून फुटायचे. आजी लांबूनच ओरडायची, “अरे, रोपं हलतील!” मग काठी टाकून पळायचं.

त्या बुडबुड्यांत मिथेन होता, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. आणि त्याच मिथेनचा जमाखर्च दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात हजारो वर्षांचा लिहून ठेवलेला आहे, हे कळलं तेव्हा तर चाळिशी उलटली होती. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. आपण इतिहास म्हटला की बखरी, सनदा, पेशवे दप्तर इथे जातो. आपल्या पावसाचा, आपल्या भातशेतीचा, आपल्या गुरांचा एक इतिहास मात्र आपल्यापासून दहा-बारा हजार किलोमीटरवर, जिथे गवताचं पातंही उगवत नाही अशा ठिकाणी दडून राहिला आणि गेल्या पन्नास वर्षांत उलगडला. त्याचा एक धागा गोव्याच्या काणकोणात आणि एक आपल्या सिंहगडावर आहे.

काठी खुपसण्याचा आमचा खेळ फार जुना आहे. नोव्हेंबर १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टा होडीत बसून लव्हाळ्यातला गाळ काठीने ढवळत होता. वर येणारे बुडबुडे त्याने पाणी भरलेल्या उलट्या बाटलीत धरले आणि ती हवा पेटवून पाहिली. निळसर ज्योत निघाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इकडे पुरंदरचा तह झाला होता. बारभाई आणि इंग्रज यांच्यातल्या त्या तहाचा कागद आपण जपून ठेवला. त्या वर्षीच्या हवेची नोंद जपायचं काम मात्र कोणा कारकुनाकडे नव्हतं. ते बर्फाने केलं.

दलदलीतला हा वायू पुढे पावणेदोनशे वर्षं दलदलीतलाच मानला गेला. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले, म्हणजे त्याचा उपयोग आपल्याकडेही माहीत होता. पण तो सगळ्या जगाच्या हवेत थोडा थोडा मिसळलेला आहे, हे १९४८ साली कळलं. मार्सेल मिझोत या बेल्जियन शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचा अवरक्त वर्णपट तपासला, तेव्हा त्यातल्या काही रेषा मिथेनने खाल्लेल्या दिसल्या. म्हणजे सूर्यापासून जमिनीपर्यंतच्या वाटेत हा वायू सगळीकडे होता. मिथेन उष्णता अडवतो. वजनाला वजन धरून शंभर वर्षांचा हिशेब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट. त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआपच उभा राहिला: हा पूर्वी किती होता?

पूर्वीची हवा आणायची कुठून? फ्रान्सचे क्लोद लोरियस १९६५ साली अंटार्क्टिकाच्या आदेली किनाऱ्यावर काम करत होते. एका संध्याकाळी त्यांनी खोलवरून काढलेल्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीच्या पेल्यात टाकला. बर्फ विरघळताना त्यातून बारीक बुडबुडे फुटताना दिसले, आणि त्यांच्या मनात आलं की ही तर जुनी हवा आहे. हिम पडतं तेव्हा ते भुसभुशीत असतं, कणांच्या मधून हवा खेळती राहते. वर्षानुवर्षं वरून नवं हिम पडत जातं, खालचं दबत जातं. पन्नास ते शंभर मीटर खोलीवर कणांमधल्या फटी मिटतात आणि जी हवा त्या क्षणी आत असेल ती कायमची बंद होते. म्हणून बर्फ जुनं आणि त्यातली हवा त्याहून तरुण, असा प्रकार असतो. जिथे हिम भरपूर पडतं तिथे हा फरक तीसेक वर्षांचा, जिथे फार कमी पडतं तिथे काही हजार वर्षांचा.

ही हवा मोजणं सोपं नव्हतं. बर्फ वितळवलं तर पाण्यात काही वायू विरघळून जातात आणि हिशेब बिघडतो. ध्रुवीय बर्फातला मिथेन आजच्या हवेपेक्षा खूपच कमी आहे, हे सांगणारे भरवशाचे आकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला येऊ लागले. १९८२ मध्ये क्रेग आणि चाऊ यांनी ग्रीनलंडच्या बर्फातून दाखवलं की काही शतकांपूर्वी हवेत मिथेन त्यांच्या काळाच्या निम्म्याच्या आसपास होता. पण या सगळ्यांत माझं मन रमतं ते लॉ डोमच्या कहाणीत.

पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ, ऑस्ट्रेलियाच्या केसी तळापासून जवळ, लॉ डोम नावाचा बर्फाचा घुमट आहे. तिथे हिम इतकं पडतं की वर्षाला मीटरभराहून जाड बर्फाचा थर बसतो. थर जाड असल्याने काळ दाटीवाटीने नाही, ऐसपैस वाचता येतो. ऑस्ट्रेलियन चमूने १९८७ पासून पुढे काही वर्षं तिथे छिद्रं पाडून बर्फाचे गोल दांडे काढले. ते गोठलेल्या पेट्यांतून मेलबर्नजवळच्या अ‍ॅस्पेंडेल इथल्या सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत आले. तिथे डेव्हिड एथरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा काढायची जी रीत वापरली, ती आपल्या कुठल्याही गृहिणीला लगेच कळेल. एका भांड्यात भोकं असलेलं पोलादी नळकांडं, भोकांच्या कडा वर उचललेल्या. म्हणजे सरळ खोबरं किसायची किसणी, फक्त गोल वळवलेली. अर्धा किलो ते किलो-दीड किलो बर्फाचा तुकडा त्यात ठेवायचा, भांड्यातली सगळी हवा पंपाने ओढून घ्यायची, आणि मग भांडं गदागदा हलवायचं. बर्फ किसलं जातं, त्याच्या पोटातले बुडबुडे फुटतात आणि शतकांपूर्वीची हवा निर्वात भांड्यात सुटते. ती उणे अडीचशे अंशांच्या आसपास थंड केलेल्या नळीवर गोठवून धरतात. एका तुकड्यातून निघते ती चहाच्या कपात मावेल एवढी हवा. तेवढ्यात मिथेन, कार्बन डायऑक्साइड सगळं मोजायचं. चुकलं तर तो तुकडा पुन्हा मिळत नाही.

या बर्फातली सगळ्यात नवी हवा १९७८ च्या सुमाराची होती. आणि टास्मानियातल्या केप ग्रिम इथे त्याच वर्षापासून हवा पोलादी टाक्यांत भरून जपून ठेवायला सुरुवात झाली होती. म्हणजे बर्फाची नोंद जिथे संपते तिथेच माणसाने भरलेली हवा सुरू होते. दोन्ही आकडे एकमेकांना जुळले. बर्फावर विश्वास ठेवायला याहून चांगला साक्षीदार कुठून मिळणार? १९९२ मध्ये या गटाने १८४१ ते १९७८ ची मालिका छापली, १९९८ मध्ये ती मागे थेट इसवी सन १००० पर्यंत नेली.

ती मालिका मी आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहतो. हवेच्या एक अब्ज रेणूंमध्ये मिथेनचे किती, असा तो आकडा असतो. कोकणात शिलाहार राज्य करत होते तेव्हापासून पेशवाईच्या उत्तरार्धापर्यंत हा आकडा सातशेच्या आसपासच हलत राहिला. आठशे वर्षांची सरासरी ६९५. सोळाव्या-सतराव्या शतकांत तो थोडा खाली गेला, मग सावरला. पेशवाई बुडाली त्या सुमारास चढ सुरू झालेला दिसतो. १९०८ मध्ये आमच्या खेडमध्ये, म्हणजे आजच्या राजगुरुनगरात, शिवराम हरी राजगुरूंचा जन्म झाला तेव्हा तो नऊशेच्या थोडा वर होता. १९३१ मध्ये ते फासावर गेले तेव्हा हजाराच्या आसपास. १९७८ पर्यंत पंधराशेच्या घरात. आज एकोणीसशेच्या पुढे. बावीस-तेवीस वर्षांचं एक आयुष्य, आणि तेवढ्यातही हवा शंभरेक अंकांनी बदललेली. त्याआधीच्या आठशे वर्षांत तिला चाळीसेक अंकांपलीकडे जाता आलं नव्हतं.

खोल बर्फाची गोष्ट आणखी वेगळी. सोव्हिएत संघाचा व्होस्तोक तळ अंटार्क्टिकाच्या पोटात, जिथे २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या थंडीत रशियनांनी छिद्र पाडलं आणि फ्रेंचांनी त्यातली हवा मोजली. १९९० मध्ये जेरोम शापेला आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये १ लाख ६० हजार वर्षांची मिथेनची मालिका छापली. हिमयुगात आकडा साडेतीनशेपर्यंत उतरलेला, उबदार काळात साडेसहाशे-सातशेपर्यंत चढलेला. पुढे २००८ मध्ये युरोपीय चमूने अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या बर्फातून हीच नोंद ८ लाख वर्षांपर्यंत नेली, आणि त्या आठ लाख वर्षांत एकदाही आकडा आजच्या जवळपास गेलेला नाही.

मला मात्र व्होस्तोकच्या आलेखातली दुसरीच गोष्ट धरून ठेवते. हा चढ-उतार सुमारे तेवीस हजार वर्षांच्या एका चालीने होतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात सूर्य कधी जवळ असतो, कधी लांब. जवळ असला की आशिया-आफ्रिकेची जमीन जास्त तापते, मोसमी वारे जोर धरतात, पाऊस वाढतो, पाणथळ पसरतं आणि त्या पाणथळातून मिथेन सुटतो. म्हणजे दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फातला मिथेन हा बऱ्याच अंशी इकडच्या पावसाळ्याचा ठसा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर धो धो कोसळणारा पाऊस आणि व्होस्तोकचं कोरड्या, मुक्या बर्फाचं वाळवंट, यांच्यातला हा संबंध पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

मग प्रश्न आला माणसाचा. गेल्या दहा हजार वर्षांत उन्हाळ्याचा सूर्य हळूहळू लांब गेला, तसा मिथेनही कमी होत गेला. तो तसाच उतरत राहायला हवा होता. पण सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तो वळला आणि पुन्हा चढू लागला. अमेरिकेचे विल्यम रडिमन यांनी २००३ मध्ये त्याचा अर्थ लावला की आशियात पाणी अडवून भात लावायला सुरुवात झाली, गुरं वाढली, त्याचा हा परिणाम. काहींना ते पटलं नाही. दक्षिण गोलार्धातल्या पाणथळांनीही तो चढ समजावता येतो, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही. पण चिखलणी करून, बांध घालून, पाणी खाचरात कोंडणाऱ्या त्या पहिल्या शेतकऱ्यांची सही दक्षिण ध्रुवाच्या बर्फात असू शकते, ही शक्यता जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी गंभीरपणे तपासली, हे मला मोलाचं वाटतं.

भात आणि मिथेन यांचं नातं एवढं घट्ट असल्यानेच पुढे आपल्यावर बालंट आलं.

१९९० च्या सुमारास हवामानबदलाच्या वाटाघाटींची तयारी चालू होती. कोणत्या देशाचा वाटा किती, याचे तक्ते छापले जात होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार एकट्या भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघत होता. हा आकडा इथे मोजून काढलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या खाचरांवरची मोजमापं घेऊन ती भारतातल्या भाताच्या क्षेत्राला लावली होती. अशा आकड्यांमुळे भारत जगातल्या सर्वांत मोठ्या पाच दोषींच्या यादीत जाऊन बसला. दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्यावर पुस्तिका काढली आणि विचारलं की पोटासाठी लावलेल्या भाताचा मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एका तराजूत कसे घालता?

वैज्ञानिक उत्तर मात्र मोजूनच द्यायला हवं होतं. ते दिलं आशेष प्रसाद मित्र यांनी. हे मूळचे रेडिओलहरी आणि आयनांबराचे अभ्यासक, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे माजी संचालक. आभाळात साठ-सत्तर मैल वर पाहणारा माणूस चिखलात उतरला. १९९१ च्या हंगामात त्यांनी देशभरातल्या अनेक संस्थांना एकत्र करून मिथेन मोहीम उभी केली. रोपांवर बिनबुडाच्या पारदर्शक पेट्या पालथ्या घालायच्या, ठरावीक मिनिटांनी सुईने आतली हवा ओढून घ्यायची, आणि ती वायुपृथक्करण यंत्रावर तपासायची. पाणथळ खाचर, पावसावरचं खाचर, मधूनमधून वाळणारं खाचर, उताराचं कोरडं भात. सगळ्यांचं वेगवेगळं माप घेतलं.

उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळपास एक-दशांश.

फरक एवढा का पडला, हे आमच्या पश्चिम पट्ट्यातला कोणीही शेतकरी सांगेल. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हवा बंद झालेल्या, सडत्या पाल्यापाचोळ्याने भरलेल्या चिखलात फोफावतात. खाचरात सतत पाणी हवं आणि मातीत भरपूर सेंद्रिय माल हवा. आमच्याकडे खाचर पावसावर. पावसाने आठवडाभर ओढ दिली की पाणी आटतं, चिखलाला भेगा जातात, हवा आत शिरते आणि ते जीव थंडावतात. उतारावरच्या खाचरांतून पाणी एका बांधावरून दुसऱ्यात वाहतं राहतं. मातीही पातळ. राब भाजून, आवण टाकून, लावणी करून पोटापुरतं भात पिकवणाऱ्या या शेताला कॅलिफोर्नियाच्या खाचराचं माप कसं लागू होणार? आज जगभरातल्या सगळ्या भाताचा मिळून अंदाज वर्षाला ३ कोटी टनांच्या आसपास धरतात. १९९० मध्ये त्याहून मोठा आकडा एकट्या भारताच्या माथी मारला गेला होता, हे लक्षात घेतलं की आशेष प्रसाद मित्र यांनी चिखलात केलेल्या कामाची किंमत कळते. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन कमी करण्याची जागतिक शपथ घेतली गेली. भारताने तिच्यावर सही केली नाही, आणि कारण सांगताना छोट्या शेतकऱ्याच्या भाताचं आणि गुरांचंच नाव घेतलं. त्या भूमिकेची मुळं १९९१ च्या त्या पेट्यांपर्यंत जातात.

आता गोव्याकडे वळतो.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातून, मार्मागोव्याहून निघाली. नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, एकवीस माणसं, ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज. गाजावाजा मुळीच नव्हता. मोहीम गुप्त ठेवली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ते बर्फावर उतरले. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, दोन स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरविज्ञानाच्या अदिती पंत. अदितीताई नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या घराण्यातले मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्या कन्या. पुण्यात बी. एस्सी. केलं, हवाई आणि लंडन इथे पुढचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. त्या मोहिमेत दक्षिण गंगोत्री हा आपला पहिला तळ उभा राहिला. काही वर्षांतच हिमाने तो गिळला. १९९० मध्ये तो सोडून द्यावा लागला. ज्या हिमाने हवा बंद केली, त्याच हिमाने आपलं घरही पोटात घेतलं. आज मैत्री आणि भारती या तळांवरून काम चालतं आणि वास्कोच्या हेडलँड सडा भागात १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्रात उणे वीस अंशांच्या खोल्यांत बर्फाचे दांडे जपलेले असतात. बाहेर गोव्याचा घामट उकाडा, आत ध्रुव. तिथला भर बर्फातल्या क्षारांवर, धुळीवर आणि समस्थानिकांवर आहे.

मिथेनचा धागा त्याच किनाऱ्यावर, दक्षिणेला काणकोण तालुक्यात सापडतो. काबो द राम. वनवासात राम इथे राहिला म्हणून रामाचं नाव, आणि समुद्रात घुसलेल्या कड्यावर जुना किल्ला. सौंदेकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलेला. या भूशिरावर १९९३ पासून एक वेगळंच काम सुरू झालं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. के. भट्टाचार्य आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे डी. व्ही. बोरोले यांनी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओबरोबर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. वारा समुद्राकडून येत असताना काचेच्या चंबूंत हवा भरायची, तोटी बंद करायची आणि चंबू पाठवायचे अ‍ॅस्पेंडेलला. तेच अ‍ॅस्पेंडेल, जिथे लॉ डोमचं बर्फ किसलं जात होतं. एका बाजूला हजार वर्षांची हवा बर्फातून सुटत होती आणि दुसऱ्या बाजूला कालपरवाची गोव्याची हवा चंबूतून. दोन्ही एकाच प्रयोगशाळेत, एकाच मापाच्या प्रमाण वायूशी ताडून पाहिल्या जात होत्या. १९९३ ते २००२ पर्यंतची ही नोंद आहे, आणि भारताच्या भूमीवरची ती या तऱ्हेची सुरुवातीची लांब नोंद आहे.

चंबूंनी काय सांगितलं? जूनमध्ये मोसमी वारे विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर दक्षिण गोलार्धातली हवा येते. तिकडे जमीन कमी, माणसं कमी, गुरं कमी. त्यामुळे मिथेन कमी. पावसाळ्यात काबो द रामच्या चंबूत मिथेनचा आकडा धाडकन उतरतो. मग वारे फिरतात. हिवाळ्यात तीच हवा उत्तरेकडून, ईशान्येकडून, गंगेच्या खोऱ्यावरून, आपल्या दख्खनच्या पठारावरून समुद्राकडे वाहू लागते आणि आकडा चढतो. म्हणजे आषाढात गोव्याच्या कड्यावर उभं राहून घेतलेला श्वास हा लॉ डोमच्या गोलार्धाचा, आणि पौषातला श्वास आपला, खेड-चाकणचा, कारखान्यांचा, गोठ्यांचा, शहरांच्या कचऱ्याच्या ढिगांचा. पाऊस घेऊन येणारा वारा स्वच्छ हवाही घेऊन येतो, हे आपल्या कुठल्याही आजीला वासावरूनच ठाऊक होतं. गोव्याच्या चंबूंनी ते आकड्यात उतरवलं.

बर्फालाही हा फरक माहीत आहे. ग्रीनलंडच्या आणि अंटार्क्टिकाच्या बर्फांतली एकाच काळातली हवा शेजारी ठेवली, तर औद्योगिक काळाच्या आधीही ग्रीनलंडमध्ये मिथेन २४ ते ५८ अंकांनी जास्त भरतो. मिथेनचे बहुतेक झरे उत्तरेकडच्या जमिनीवर आहेत, याचा हा पुरावा. बर्फातल्या मिथेनचा कार्बन तपासून तो कुठून आला, हेही सांगता येतं. सूक्ष्मजीवांनी केलेल्या मिथेनमध्ये जड कार्बन कमी असतो, जळालेल्या लाकडातून आलेल्यात जास्त. २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातून असं दिसलं की दोन हजार वर्षांपूर्वी, रोमन साम्राज्य आणि चीनचं हान राज्य भरात असताना, जळणातून येणारा मिथेन वाढला होता. आपल्याकडे तो सातवाहनांचा काळ. नाणेघाटात जकात गोळा होत होती. २००७ पासून हवेतला मिथेन पुन्हा जोराने वाढू लागला आहे आणि त्यातला जड कार्बन कमी होत चालला आहे. त्याचा अर्थ बरेच अभ्यासक असा लावतात की वाढीचा मोठा भाग सूक्ष्मजीवांकडून, म्हणजे पाणथळ, गुरं, कचरा यांतून येतो आहे. उष्ण कटिबंधातली पाणथळं वाढत्या पावसाने आणि उष्णतेने अधिक मिथेन सोडू लागली असतील, तर व्होस्तोकच्या बर्फात दिसलेली जुनी साखळी पुन्हा हलू लागली आहे. या बातमीने झोप उडावी असं मला वाटतं.

काबो द रामची नोंद थांबली, तेव्हा पश्चिम भारतात नवं ठिकाण हवं होतं. ते मिळालं सिंहगडावर. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने, योगेश तिवारी यांच्या गटाने, २००९ च्या अखेरीपासून गडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, शहराच्या धुरापासून उंच आणि तरीही पुण्याहून जाऊन येण्याजोगा. छोटा मनोरा, वरून खाली आणलेली नळी, काचेचे चंबू. आठवड्याला एकदा माणूस गडावर जातो, चंबू भरतो आणि खाली आणतो. आजूबाजूला पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याची गडबड चाललेली असते. देवटाक्याचं पाणी पिऊन उतरणाऱ्यांपैकी कोणालाच पत्ता नसतो की पलीकडे या आठवड्याचं आभाळ काचेत बंद होत आहे. गोव्यात दिसलेला खेळ इथेही दिसतो. पावसाळ्यात वारा दक्षिणेकडून समुद्रावरून येतो तेव्हा मिथेन कमी, हिवाळ्यात जमिनीवरून येतो तेव्हा जास्त.

मी मागच्या मार्गशीर्षात गडावर गेलो होतो. कल्याण दरवाज्याजवळ ईशान्येचा कोरडा वारा तोंडावर येत होता. त्या दिशेला, धुक्याच्या पलीकडे, चाकण आणि त्यापलीकडे आमचं खेड. जुलैत भरलेल्या चंबूत आमचं खेड नसतं, त्यात अरबी समुद्राच्या पलीकडचं दक्षिण गोलार्ध असतं. या दिवसांतल्या चंबूत आम्ही असतो.

मिथेनचा रेणू हवेत सरासरी नऊ-दहा वर्षं टिकतो आणि दोन्ही गोलार्धांची हवा मिसळायला वर्षभर पुरतं. म्हणजे वाड्याच्या वरच्या खाचरातून यंदा सुटलेला एखादा रेणू पुढच्या दोन-तीन वर्षांत लॉ डोमवर पोहोचू शकतो. भुसभुशीत हिमातून तो खाली झिरपत जाईल. तीस-चाळीस वर्षांपूर्वी पडलेल्या हिमाच्या थरापाशी फटी मिटत असतील, तिथे तो अडकेल. पुढे कधी कोणी तो दांडा काढील, किसणीवर किसील आणि या दशकाचा आकडा लिहील. खाचरात तोवर पाणी कधीच आटलेलं असेल, भात कापून उडव्या रचून झालेल्या असतील, आणि वैशाखात पुढच्या राबासाठी कवळ तोडून, शेण पसरून वाफे भाजले गेले असतील.